हौसामावशी, तुझी साक्ष

मावशी,

काल कोल्हारला प्रवरेच्या काठी तुझी दशक्रिया झाली. गर्दी खूप होती. महाराजांचं प्रवचन संपलं आणि मग एकेक जण श्रद्धांजलीचं बोलायला उठला. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुझ्या माहेरचे एक पाहुणे बोलता बोलता रडले. तू किती उपास धरायचीस, नवरात्रात भगवतीच्या देवळात किती पहाटे जायचीस, गाईला वैरण टाकल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाहीस, हे सगळ्यांनी सांगितलं. खरंच होतं ते. पण तू नगरच्या कोर्टात उभी राहून माझ्या बाजूनं साक्ष दिलीस, हे कुणीच काढलं नाही. मी बायकांच्या मागे वाळूत बसले होते. एकदा वाटलं, उठावं आणि आपणच सांगावं. पण अशा ठिकाणी बायका बोलत नाहीत, आणि मी उठले असते तर भाऊसाहेबाला मान खाली घालावी लागली असती. आईच्या दशक्रियेला त्याच्यावर ती वेळ आणणं मला बरं वाटलं नाही. म्हणून घरी आले आणि लिहायला बसले.

लिहिताना तुला 'तू' म्हणते आहे. तू जिवंत असताना एकदाही म्हटलं नाही. तू मला किती वेळा टोकलंस, "मावशी म्हनतीस आन् वर तुमी काय गं? आपल्या मावशीला कोन तुमी म्हनतं का?" मी हसून विषय बदलायची. तुला खरं कारण कधी सांगितलं नाही. 'तू' म्हणायला माणसाच्या चुलीपाशी बसलेलं असावं लागतं, मावशी. मी तुझ्या गोठ्याच्या पुढे कधी आले नाही.

तुझी माझी ओळख डेअरीच्या धक्क्यावर झाली. नगर-मनमाड रोडला लागून ती खासगी डेअरी नवीनच निघाली होती. त्र्याण्णव साल असेल. मी श्रीरामपूरला बी.एस्सी. झाले होते, केमिस्ट्री घेऊन. आमच्या बौद्धवाड्यात तेवढी शिकलेली मी पहिलीच मुलगी. दादा, म्हणजे माझे वडील, गवंडीकाम करायचे. डेअरीच्या लॅबच्या भिंतीची गिलाव्याची कामं त्यांच्याच हातची. भिंत ओली असतानाच त्यांनी मॅनेजरला विचारलं होतं, "साहेब, पोरगी शिकलेली आहे. इथं काही होईल का?" मॅनेजर म्हणाले, "पाठवा की. लॅबला माणसं लागणारच आहेत."

लॅबला माणसं लागलीच. पण मला कॅन धुवायला ठेवलं. "जागा झाली की लॅबमध्ये घेऊ," असं सांगितलं. वाफेच्या नळीखाली कॅन उलटे धरायचे, सोड्याच्या पाण्यानं घासायचे, ओळीनं पालथे घालायचे. हाताची कातडी सोलून निघायची. तू दोन्ही हातांत दोन किटल्या घेऊन यायचीस, रांगेत उभी राहायचीस आणि तुझी पाळी येईपर्यंत माझ्याकडे बघत राहायचीस. एक दिवस विचारलंस, "तू ती शिकल्याली ना गं? मग हितं पान्यात काय करतीस?"

मी म्हटलं, "जागा नाही म्हणतात."

तू लॅबच्या खिडकीकडे बघितलंस. आत मॅनेजरच्या सासुरवाडीकडचा एक मुलगा फॅट काढत होता. बारावी झालेला. माझ्या मागून लागलेला. पुढच्याच महिन्यात त्याच्या जोडीला आणखी एक आला, आणि वर्षाच्या आत दोघंही कायम झाले. मी रोजंदारीवरच होते. त्या दिवशी तू "हं," एवढंच म्हणालीस आणि किटली पुढे सरकवलीस.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढे करून समजावलं. "करुणा, तू हुशार आहेस, मला मान्य आहे. पण हे दूध आहे. सॅम्पल घ्यायला दर कॅनमध्ये हात जातो, पळी जाते. शेतकऱ्यांच्या भावना असतात. आता ती हौसाबाईच घे. किती सोवळ्याची बाई. उद्या तिनं दूध बंद केलं, तिच्यामागं वस्तीनं बंद केलं, तर डेअरी चालायची कशी? माझ्या मनात काही नाही गं. लोकांचं बघावं लागतं."

मावशी, तुझं नाव मी त्या अर्थानं तिथे पहिल्यांदा ऐकलं. मी बाहेर येऊन कॅन धुवायला लागले आणि दिवसभर तुझाच राग येत राहिला. मॅनेजरचा नाही, तुझा.

पुढे मी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. ते तपासणीला आले. त्यांना ताकाचा गिलास दिला गेला, हजेरीपट दाखवला, पगारपत्रक दाखवलं. माणूस वाईट नव्हता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पगारात फरक असता तर मी आजच खटला भरला असता. पण तुम्हांला कॅन धुणाऱ्या पुरुषाइतकाच पगार मिळतो. समान वेतनाचा कायदा इथवरच येतो. तुमचं दुखणं पुढचं आहे. त्याला तुम्ही स्वतः कोर्टात जा. राज्याचा एकाहत्तरचा कायदा आहे, अनुचित प्रथांचा. नगरला सय्यद वकील आहेत, त्यांना भेटा."

सय्यद वकील तुला आवडायचे. "वकील आसून हळू बोलतो," असं तू म्हणायचीस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पोलिसांतही जाता येईल, शिवाशिवीविरुद्ध कायदा आहेच. पण त्यासाठी डेअरीनं ते उघड तोंडानं म्हणायला हवं आणि पोलिसांनी लिहून घ्यायला हवं. "तुम्हांला त्यांना तुरुंगात घालायचंय की तुम्हांला लॅबमध्ये बसायचंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लॅबमध्ये बसायचंय. मग त्यांनी त्या एकाहत्तरच्या कायद्यातलं कलम वाचून दाखवलं. लायकी न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं, ही अनुचित प्रथा.

"यात जात कुठं आहे?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "शब्द नाही. पण दार आहे. आत शिरू या, मग बघू."

डेअरीनं उत्तर दिलं, ते अपेक्षेप्रमाणेच. लॅबचं काम नाजूक, अनुभव लागतो, आणि दूध पुरवठादारांचा विश्वास जपणं ही व्यवसायाची गरज. सय्यद वकिलांनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "हे पुरवठादार कोण? कुणाचं नाव घेतात का तोंडी?" मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याच बाईंना आणा. ज्यांच्या नावानं हे चाललंय, त्याच उभ्या राहिल्या तर डेअरीकडे बोलायला उरतं काय?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "साहेब, ती बाई नाही यायची."

तरी मी आले. उन्हं उतरत होती. तू गोठ्यात धार काढत होतीस. मला बघून उठलीस, गोठ्यातच खाटेवर बसवलंस, सुनेला हाक मारून चहा मागवलास. चहा आला तो गोठ्याच्या दिवळीत वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या गिलासात. मला तो गिलास कळला आणि मला कळलं हे तुलाही कळलं. आपण दोघीही त्याच्याबद्दल काही बोललो नाही. मी चहा प्यायले. मग सगळं सांगितलं. मॅनेजर काय म्हणाले, तुझं नाव कसं घेतलं, सगळं.

तू धारेच्या किटलीवर झाकण ठेवलंस. मग एकदम म्हणालीस, "मला इचारलं व्हतं का त्यानं?"

"नाही."

"मग माझं नाव कशापायी घेतो? म्या त्याच्या दारात जाऊन सांगितलं का, ह्या पोरीला हात लावू देऊ नगं म्हनून?"

"मावशी, तुम्ही कोर्टात येऊन हे सांगाल का?"

तेवढ्यात भाऊसाहेब शेतातून आला. त्याला कळल्यावर तो चिडलाच. "आई, तुला काय गरज? डेअरी आपलं दूध घेते. दोन गाई घरात हाईत. उद्या दूध परत केलं तर गटारीत वतायचं का?" तुझे मालक, तात्या, ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "तिचं ती बघंल." तू म्हणालीस, "बघते." मला वाटलं, संपलं. पाटाच्या कडेनं घरी येताना मी मनाशी ठरवलं की तुझं नाव पुन्हा काढायचं नाही.

आणि कोर्टाच्या पहिल्या तारखेला तू एस.टी. स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं. भाऊसाहेब सोडायला आला होता, माझ्याकडे न बघता निघून गेला. त्या दिवशी साक्ष झालीच नाही. डेअरीच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली. त्याच्या पुढच्या वेळी न्यायाधीश साहेब रजेवर. तू कुरकुरली नाहीस. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसून भाकरी सोडायचीस, वर ठेचा, कांदा. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायचीस. मी माझ्या डब्यातलं पुढं केलं की म्हणायचीस, "मला आज चालत न्हाई." तुला कधीच चालायचं नाही. तू द्यायचीस, घ्यायची नाहीस. लिंबाखाली बसून मी तुझी भाकरी खायची आणि माझा डबा घरी परत न्यायची. आई विचारायची, "जेवली नाहीस?" मी म्हणायची, भूक नव्हती.

शेवटी साक्षीचा दिवस आला. पाटीवर औद्योगिक न्यायालय लिहिलेलं, पण आम्ही सगळे त्याला कामगार कोर्टच म्हणायचो. लहानशी खोली, पंखा आवाज करणारा. शिपायानं तुझं नाव पुकारलं आणि तू पिंजऱ्यात चढलीस. शपथ घेताना कपाळाला हात लावलास. सय्यद वकिलांनी हळू आवाजात विचारलं आणि तू नीट सांगितलंस, की दूध कोण तपासतं याला तुझी कधीच हरकत नव्हती, तुला कुणी विचारलं नव्हतं, आणि डेअरी तुझं नाव घेते ते तुला माहीतही नव्हतं. मला वाटलं, झालं.

मग डेअरीचे वकील उठले. तरुण होते, पुण्याहून आलेले.

"हौसाबाई, तुम्ही उपास-तापास करता?"

"करते."

"सोवळं पाळता?"

"पाळते."

"या करुणाबाई तुमच्या घरी येतात?"

"येतात."

"तुमच्या स्वयंपाकघरात येतात?"

तू माझ्याकडे बघितलंस. मावशी, तू खोटं बोलावंस असं मला त्या क्षणी वाटलं. एक 'व्हय' म्हण आणि सुटून जा, असं वाटलं. तू पदर नीट केलास.

"न्हाई," तू म्हणालीस.

"का नाही?"

"म्या घेत न्हाई."

"म्हणजे त्यांचा हात अन्नाला लागलेला तुम्हांला चालत नाही. बरोबर?" ते साहेबांकडे वळून हसले. "एवढंच विचारायचं होतं."

ते बसायला लागले, तर तू म्हणालीस, "थांबा की. माझं व्हऊ द्या."

साहेबांनी मान हलवली. पिंजऱ्याचा कठडा तू दोन्ही हातांनी धरला होतास.

"चूल माझी हाय," तू म्हणालीस. "तिथं म्या कशी वागते, ते बरं का वाईट, त्याचं माझं मला निस्तरायचंय. आमच्या सासूनं शिकिवलं तसं वागत आले. माझ्या घरात सरकार येत न्हाई. पर डेअरी काय माझी चूल हाय का? तिथं शिकल्याल्या मानसाचं काम हाय, आन् ही पोर शिकल्याली हाय." मग थांबलीस. आवाज खाली आला. "माझ्यात खोड हाय, आसंल. म्हनून ती खोड डेअरीनं कायदा करून लावायची का सगळ्यांला? माझं नाव पुढं करून?"

डेअरीचे वकील काहीतरी बोलले, पण साहेब लिहीत होते. स्टेनोला थांबवून ते स्वतःच्या हातानं लिहीत होते.

बाहेर आल्यावर सय्यद वकिलांनी तुला वाकून नमस्कार केला. तू ओशाळलीस. मी तुझ्याशी बोललेही नाही. परतीच्या एस.टी.त आपण एकाच बाकावर बसलो, तू खिडकीशी. राहुरी गेल्यावर तू म्हणालीस, "रागावलीस?"

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत."

"खोटं बोलले आसते तर त्यानं दुसरा कोन तरी आनला आसता. गावाला ठावं हाय म्या कशी हाय ती. मग माझं बाकीचं बी खोटं पडलं आसतं."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मला माहीत आहे, तरी राग आलाय."

तू पुन्हा बाहेर बघायला लागलीस. आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. धक्क्यावर, रस्त्यावर, बाजारात, दोन-दोन वाक्यांनी आपण ते पुढे चालवत राहिलो. मी म्हणायची, "डेअरीला कळतं ते घराला का कळत नाही?" तू म्हणायचीस, "डेअरीला कोर्टानं कळवलं. मला कोन कळवनार?" मी म्हणायची, "मी कळवतेय ना." तू हसायचीस आणि किटली उचलायचीस. त्या हसण्याचाही मला राग यायचा.

साक्षीनंतर डेअरीनं तुझं दूध परत करायला सुरुवात केली. कधी लॅक्टोमीटरवर डिग्री कमी, कधी दूध फाटलंय, कधी पाणी आहे. पंधरवड्यानं तू यायचंच बंद केलंस. मी घाबरून सय्यद वकिलांकडे गेले. त्यांनी कायदा उघडून बघितला आणि मिटला. "त्या डेअरीच्या कामगार नाहीत, पुरवठादार आहेत. कामगाराला या कायद्यात संरक्षण आहे. साक्षीदाराला नाही." एवढा मोठा कायदा, तो ज्या माणसाच्या साक्षीवर उभा राहतो त्या माणसासाठी त्यात एक ओळ नव्हती. मी ते तुला सांगायला आले तर तू कढई मांडून खवा आटवत बसली होतीस. रोडच्या हॉटेलवाल्यानं घेतो म्हणून सांगितलं होतं. धुरानं डोळे लाल झाले होते. म्हणालीस, "माझ्यासाठी नगं पळू. तुझ्या तारखा बघ." भाऊसाहेब मागे लाकडं फोडत होता. त्या वेळी तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

निकाल लागला. कोर्टानं म्हटलं, डेअरीनं लायकी न बघता पक्षपात केला; अर्जदाराला लॅबमध्ये घ्या, कायम करा. निकालात जात हा शब्द एकदाच होता, तोही तुझ्या साक्षीच्या उताऱ्याच्या आजूबाजूला. मी सय्यद वकिलांशी त्यावरून भांडले. ते म्हणाले, "शब्द कमी पडला, पण दार उघडलं." मी निकाल घेऊन तुझ्याकडे आले आणि तुझ्याबद्दल साहेबांनी लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. स्वतःला कमीपणा येईल असं उत्तरही या साक्षीदारानं टाळलेलं नाही, म्हणून तिच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, अशा अर्थाचं. तू दोनदा वाचायला लावलंस. "कमीपना म्हंजी ते चुलीचं का?" तू विचारलंस. मी हो म्हटलं. तू वैरण टाकायला उठलीस.

पण निकाल लागला म्हणून काम मिळालं, असं कुठे होतं? डेअरी औरंगाबादला हायकोर्टात गेली. काही महिने स्थगिती. ती उठली तेव्हा मला लॅबमध्ये बसवलं, पण कोपऱ्यात, खुर्चीवर. काम द्यायचे नाहीत. आठ तास भिंतीकडे बघायचं. मी तुला म्हटलं, कॅन धुणं बरं होतं, निदान हात हलायचे. सय्यद वकिलांनी मग कोर्टाचा हुकूम पाळला नाही म्हणून मॅनेजरवरच फौजदारी तक्रार टाकली. त्या कायद्यात त्याला कैदेची तरतूद आहे. मॅनेजरच्या नावानं समन्स आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः येऊन पळी आणि बाटल्यांचा ट्रे माझ्यासमोर ठेवला. "घ्या बाई. लोक काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा."

त्या सकाळी मी धक्क्यावर उभी राहिले. समोर रांग. पहिला कॅन पुढे यायचा होता आणि तो पुढे येत नव्हता. कुणी बिडी पेटवली, कुणी दोर सोडून बांधायला लागला. मॅनेजर केबिनच्या काचेतून बघत होते. मग रांगेच्या मागून तू आलीस. कित्येक महिन्यांनी तुला मी डेअरीच्या आवारात बघत होते. दोन्ही हातांत किटल्या. माणसं बाजूला झाली. तू झाकण काढलंस आणि किटली माझ्यासमोर आपटलीस.

"घे. काय लागतंय ते सांग. आन् फॅट कमी लागली तर भांडनार हाय म्या, आधीच सांगते."

मागे कुणीतरी हसलं. मी पळी घातली, ढवळलं, सॅम्पल घेतलं. तुझ्यामागे रांग सरकली. दोघं-तिघं आपले कॅन उचलून दुसऱ्या डेअरीकडे गेले. भावात परवडेना तेव्हा आठवड्यानं परत आले. बाकीचे उभे राहिले, आणि तेव्हापासून उभे राहतात. शेतकऱ्यांच्या भावना म्हणून जे सांगितलं जायचं, ते त्या सकाळी एवढंच निघालं. फॅटची चिठ्ठी लिहून मी तुला दिली. तू ती पदराच्या टोकाला बांधलीस. मावशी, माझ्या हातून तू घेतलंस ते एवढंच, ती चिठ्ठी. पुढे रोज घेतलीस.

माझ्या लग्नाला तू आलीस. बुद्धवंदना चालू होती तेव्हा मांडवाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभी होतीस. मला हिरवी साडी दिलीस, नवऱ्याच्या हातात नारळ दिलास. पंगत बसली तेव्हा आईनं तुझा हात धरला. तू म्हणालीस, "आज माझा उपास हाय." आई भोळी, तिला खरं वाटलं. उपासाचा कुठला वार नव्हता तो. मला तुझे सगळे वार पाठ होते. मी मांडवातून तुला जाताना बघितलं आणि नव्या नवरीला रडायला आणखी एक कारण मिळालं. तरी ती साडी मी अजून नेसते.

मी तुझी ऋणी आहे हे सगळ्यांना दिसतं. सय्यद वकील म्हणतात, दादा म्हणतात, माझा नवरा म्हणतो. तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क आहे, असं मात्र कुणालाच वाटत नाही. तुला वाटायचं. म्हणून मी तुझ्याशीच भांडायची. तू कधी म्हणाली नाहीस की मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू अशी बोलतेस. ते म्हणायला तुझ्याकडे सगळं होतं, खव्याच्या कढईपासून भाऊसाहेबाच्या शिव्यांपर्यंत. तू एकदाही म्हणाली नाहीस.

गेल्या महिन्यात तुला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं आणि मी ड्युटी संपवून आले. भाऊसाहेबानं मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः बाहेर गेला. तू खूप बारीक झाली होतीस. म्हटलं, काय सांगू तुला, काहीतरी बरं सांगावं. म्हणून सांगितलं की लॅबमध्ये एक नवीन मुलगी घेतली आहे. पाथर्डीकडची, ऊसतोडीच्या घरातली, भिल्लाची. सरळ लॅबमध्ये घेतली, पहिल्या दिवसापासून.

"कोर्टात न जाता?" तू विचारलंस.

"न जाता."

तू हसलीस. हसताना खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला. आपण एकमेकींना शिवलो, याचं दोघींनाही भान नव्हतं. थोड्या वेळानं तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागले तर तू म्हणालीस,

"करुना, तुला घरात घेतलं आसतं तर काय झालं आसतं गं?"

मनात वर्षानुवर्षं साठवलेलं एवढं होतं. सगळं ओठापर्यंत आलं. तुझं तोंड बघितलं आणि एवढंच म्हटलं, "काही झालं नसतं, मावशी."

"व्हय," तू म्हणालीस. "काहीच झालं नसतं." आणि छताकडे बघत, "मग एवढी वर्सं कशापायी राखलं म्या?"

सलाईनची बाटली बदलायला नर्स आली, तुझी सून आली, मी बाजूला झाले. पुन्हा आपण भेटलो नाही.

मावशी, कायदा डेअरीत तुझ्या साक्षीनं पोचला, पण तुझ्या घरात तो कधीच पोचणार नव्हता. तिथे तुला एकटीलाच जायचं होतं. तू उशिरा निघालीस. पोचलीस की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि पोचलीस असं म्हणून तुला खोटा मानही देणार नाही, कारण कोर्टात तू माझ्यासाठीही खोटं बोलली नाहीस. पण त्या दवाखान्यात तुला पिंजऱ्यात कुणी उभं केलं नव्हतं, शपथ घातली नव्हती, कुठल्या वकिलानं विचारलं नव्हतं. तो प्रश्न तू आपणहून विचारलास, स्वतःला. मी तिथे होते. मी ऐकला. तुझ्या बाजूनं एवढी साक्ष मला देता येते, ती देते.